लाल रेषेपलीकडचं गाव

माझ्या दाजींइतका वस्तू जपणारा माणूस अख्ख्या पालघर तालुक्यात झाला नसेल, आणि अशा माणसाच्या घरात दोन लहान मुलं घेऊन राहायला जाणारी माझ्यासारखी धाडसी बाईही झाली नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्काचे यजमान. तारापूरच्या अणुवीज केंद्रात ते देखभालीच्या कामावर होते आणि बोईसरला एका बैठ्या चाळीत राहत. त्यांची छत्री भर पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत असायची. ‘भिजली की काड्या गंजतात,’ असं म्हणत ते पिशवी काखेत धरून स्वतः भिजत यायचे. सेल गळून टॉर्च खराब होऊ नये म्हणून सेल एका डब्यात, टॉर्च दुसऱ्या डब्यात आणि बल्ब कापसात गुंडाळून तिसऱ्याच ठिकाणी. लाइट गेली की दाजी अंधारात या तिन्ही गोष्टी शोधायला निघायचे, आणि टॉर्च जोडून पेटवेपर्यंत बहुधा लाइट आलेली असायची. अक्काच्या लग्नातल्या कपबशा मी तिच्याकडे कधी वापरात पाहिल्या नाहीत. पाहुण्यांना चहा स्टीलच्या पेल्यातून मिळायचा, आणि तो पिता पिता त्यांनी कपाटातल्या कपबशा बघायच्या असत.

पण हे सगळं किरकोळ. दाजींचा खरा जीव होता त्यांच्या गावात, आणि ते गाव मधल्या खोलीत एका मोठ्या सागवानी पेटीवर वसलेलं होतं. त्यांचं मूळ गाव साताऱ्याकडचं. ते धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा दाजींना नुकतं मिसरूड फुटलं होतं. पुढे इकडे नोकरी लागल्यावर त्यांनी सुट्टीच्या दिवशी, पाळी संपल्यावर, सणावारी, आजारपणात, असं कित्येक वर्षं बसून ते सगळं गाव आठवून आठवून पुन्हा बांधलं. पुठ्ठ्याची घरं, वर खऱ्या मातीची चिमुकली कौलं, काथ्याचा वड, चावडी, देऊळ. मधोमध विहीर, आणि विहिरीवर मोट ओढणारी बैलजोडी. बैलांची नावं पाखऱ्या आणि हरण्या, कारण दाजींच्या वडिलांच्या बैलांची तीच नावं होती. पेटीच्या आत एक मोटर बसवलेली होती. बटण दाबलं की ती आतून एक चुंबक पुढे-मागे ओढायची आणि वर शेंगदाण्याएवढे ते दोन लाकडी बैल, पोटाशी बसवलेल्या चुंबकांमुळे, विहिरीच्या उतारावरून मागे-पुढे चालायचे. गणपतीत मूर्ती देवळाशेजारी बसायची आणि ती मोट बघायला चाळीतलीच नव्हे तर केंद्राच्या कॉलनीतली माणसंही यायची. त्या कॉलनीत दाजींना क्वार्टर मिळत होतं, पण ते पडलं दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात गाव वळेना, म्हणून त्यांनी क्वार्टर नाकारलं. साहेबांना कारण काय सांगितलं ते अक्कालाही कधी कळलं नाही.

गावाच्या बारकाव्यांवरून त्यांची भांडणंसुद्धा होत. मनोरला त्यांच्या गावचे एक म्हातारे आजोबा लेकाकडे राहायला होते. देवळाच्या पायऱ्या दाजींच्या मते सहा, आजोबांच्या मते पाच. एका रविवारी दाजी एसटीने खास तेवढ्यासाठी मनोरला गेले आणि ‘तुम्ही कधी चढला होता का त्या, का नुसते चावडीवर बसून बघत होता?’ असं विचारून परत आले. देवळाला पायऱ्या सहाच राहिल्या. पण त्यानंतर देवळासमोरून जाताना दाजी जरा मान तिरकी करून बघायचे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

अशा घरात आम्ही राहायला गेलो. आमच्या ह्यांना बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि खोली मिळेपर्यंत म्हणून अक्काने हौसेने बोलावलं. ‘महिन्याभराचा तर प्रश्न,’ असं ती म्हणाली. होळीला गेलेली मी, श्रावण लागला तरी तिथेच होते. माझी सुमी तेव्हा पाच वर्षांची आणि मन्या चालायला लागून फार दिवस झाले नव्हते. अक्काला मूलबाळ नव्हतं. त्यामुळे आमच्या येण्याचा तिला जेवढा आनंद झाला, तेवढाच दाजींना आपल्या गावाचा घोर लागला. आम्ही पोचलो त्या संध्याकाळी ते पिवळा आणि लाल असे रंगाचे दोन डबे घेऊन आले.

वीज केंद्रात म्हणे जागांचे झोन पाडलेले असतात. एका झोनमधून दुसऱ्यात जाताना मध्ये आडवं बाक असतं. त्यावर बसायचं, आपल्या चपला अलीकडे सोडायच्या, पाय उचलून पलीकडे टाकायचे आणि तिकडच्या चपला घालायच्या. परत येताना हातापायांना किरणोत्सर्ग लागलेला नाही ना, ते यंत्रावर तपासून घ्यायचं. दाजींना वाटलं, जी पद्धत तिथे चालते ती घरी का चालू नये? दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उठलो तर दारापासून पिवळ्या रेषेपर्यंत झोन वन झालेला होता, तिथे कुणीही यावं. पिवळी ते लाल झोन टू, तिथे हात धुतलेल्यांनी. लाल रेषेच्या पलीकडे गाव, तो झोन थ्री. लाल रेषेवर एक बुटकं बाक आडवं टाकलेलं, आणि पलीकडे पांढऱ्या रबरी चपलांचा एकच जोड. केर काढायचा झाला तर अक्काला परमिट घ्यावं लागे. म्हणजे दाजींना तोंडी विचारायचं आणि त्यांनी पेटीवर चादर घालून ‘हं, या आत’ म्हणायचं. अक्का झाडू घेऊन त्या बाकावरून पाय पलीकडे टाकायची तेव्हा घोड्यावर चढल्यासारखी दिसायची. ‘माझ्या बापाने मला माणसाला दिली होती, कारखान्याला नाही,’ असं ती दर सकाळी म्हणायची आणि दर सकाळी पाय टाकायची.

शिवाय जिथे तिथे लाल पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या लोंबायला लागल्या. ‘हात लावू नये.’ बटणावर चिठ्ठी, कपाटाला चिठ्ठी, लोणच्याच्या बरणीलासुद्धा. तारापूरहून टोपली घेऊन येणारी आमची मासेवाली मावशी पहिल्यांदा पिवळ्या रेषेवर थांबवली गेली तेव्हा कमरेवर हात ठेवून म्हणाली, “अगो बाय, घर हाय का कारखाना? आमी कुटं उबं रावाचं ते तरी सांग.” दाजींनी तिला गंभीरपणे मागच्या दाराचा रस्ता दाखवला. तेव्हापासून ती मागूनच यायची आणि आत डोकावून विचारायची, “बोंबील झोन वनमदे देऊ का टूमदे?”

तुम्हाला हसू येत असेल. मला येत नव्हतं. सकाळी डोळा उघडल्यापासून माझा एक कान मधल्या खोलीकडे असायचा. मन्या दिसला नाही की भाकरी तव्यावर सोडून धावायची. सुमीचं ठीक होतं. तिला तो सगळा खेळच वाटला, आणि ती दाजींपेक्षा कडक पहारेकरी झाली. पण मन्याला लाल आणि पिवळा कसला कळतोय? त्याला एवढंच कळत होतं की एका खोलीत बैल चालतात आणि आपल्याला तिथे कुणी जाऊ देत नाही. तो बाकाला धरून उभा राहायचा आणि “बै... बै...” करत हात पुढे करायचा. दाजी गावाच्या बाजूने त्याच्याकडे बघत उभे. दोघेही हलायचे नाहीत. मी मधे जाऊन मन्याला उचलायचे तेव्हा दाजी रोखून धरलेला श्वास सोडायचे, आणि मग जरा ओशाळून म्हणायचे, “विमलताई, लेकरू आहे, त्याचं काही नाही. पण हे गाव दुसरीकडे कुठं राहिलेलं नाही हो.” त्या गावात त्यांच्या आईच्या चुलीचा धूर जाण्यापुरतं एक कौल वर उचललेलं होतं. मी एकदा ते पाहिलं आणि त्यानंतर मला त्यांच्यावर चिडता येईना.

मध्येच एकदा मन्याने पेटीच्या बाजूच्या दारातून चमचा आत टाकला. मोटर किंचाळली आणि दाजी अंघोळ अर्धी टाकून आले. त्यानंतर त्यांनी ते दार कायमचं बंद केलं. सरस लावला, वर स्क्रू मारले आणि स्क्रूची डोकी कानशीने घासून सपाट केली. घरं, झाडं, देऊळ, सगळं जागच्या जागी पक्कं चिकटवून टाकलं. “आता ब्रह्मदेव आला तरी उघडणार नाही,” ते म्हणाले. “आणि मोटर बिघडली तर?” अक्काने विचारलं. “बिघडायला ती काय बाजारातली आहे? मी जोडलेली आहे.” अक्काने माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला.

केंद्रात जशी ड्रिल होते तशी घरीही व्हायची. दाजी शिट्टी फुंकायचे, आणि हातातलं काम टाकून आम्ही सगळ्यांनी अंगणात जमायचं. “आधी माणसं बाहेर. मालमत्ता नंतर. नियम आहे,” असं ते दर वेळी बजावायचे. अक्का पदराला हात पुसत माझ्या कानाशी कुजबुजायची, “खरी वेळ आली ना, तर हे आधी गाव उचलतील आणि आपल्याला म्हणतील, मागून या.” मलाही तसंच वाटायचं.

खरी वेळ आली ती श्रावणातल्या एका शुक्रवारी. शुक्रवार म्हणजे बोईसरच्या कारखान्यांची सुट्टी, आणि त्या दिवशी तारांच्या दुरुस्तीसाठी सगळीकडची वीज बंद ठेवायचे. पलीकडे समुद्रकाठी वीज तयार होते आहे आणि इकडे आम्ही हातपंख्याने वारा घेतोय, हे नेहमीचंच होतं. आमचे हे उमरोळीला एक खोली बघायला गेले होते. दाजी पहिल्या पाळीला. आमच्यात श्रावण पाळत नाहीत, त्यामुळे अक्का आणि मी मागच्या दारी मावशीशी घासाघीस करत होतो, एवढ्यात सुमीची किंकाळी आली, “आई, झोन थ्री!”

मी धावले. मन्या पेटीवर बसला होता. गावाच्या मधोमध, विहिरीशेजारी, मांडी घालून. मुलांनी पलीकडे जाऊ नये म्हणून ठेवलेलं ते बुटकं बाक त्याने ढकलत पेटीपाशी नेलं होतं आणि त्याचीच पायरी करून वर चढला होता. त्याचं तोंड चालू होतं. मी बोट घालून काढलं तर काथ्या निघाला, अर्धा वड. मला सुटल्यासारखं झालं. वड काय, पुन्हा चिकटवता येईल. मी त्याला कडेवर घेत होते तेवढ्यात पाळी संपवून आलेले दाजी दारात उभे राहिले. हातात पिशवीतली छत्री, अंग भिजलेलं. त्यांनी मन्याकडे पाहिलं, वडाकडे पाहिलं, मग विहिरीकडे. मी बोलणी खायच्या तयारीत होते. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “पाखऱ्या-हरण्या कुठं आहेत?”

आम्ही जमिनीवर पाहिलं, पेटीभोवती पाहिलं, मन्याची चड्डी झटकली. बैल नव्हते. सुमीला विचारलं तर ती रडतच सुटली. “त्याच्या तोंडात होतं काहीतरी,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. दाजींच्या चेहऱ्याचा रंग माझ्यादेखत उतरला. “विमलताई, त्यांच्या पोटाला चुंबक आहे,” ते म्हणाले, आणि माझ्या हातून मन्याला घेऊन तसेच बाहेर पडले.

स्टेशनाजवळच्या डॉक्टरांनी मन्याचं पोट चाचपलं, घसा पाहिला, आणि नळी बाजूला ठेवून म्हणाले, “एक असतं तर मी म्हटलं असतं केळी चारा आणि वाट बघा. दोन चुंबकं म्हणजे पंचाईत आहे. आतड्यात एकमेकांना ओढली तर मधलं आतडं चिमट्यात सापडेल. पालघरला एक्स-रे काढता आला असता, पण वीज संध्याकाळशिवाय येत नाही. इतकं थांबू नका, सरळ मुंबईला न्या. गाडीची सोय होईपर्यंत घरात आणखी एकदा बघा. तिथेच सापडले तर पोराचे हाल वाचतील.” मन्या तेव्हा डॉक्टरांचा पेन मागत होता.

चाळीत एक मॅटाडोर चालवणारा भय्या राहायचा. त्याने काही न विचारता गाडीतल्या गोण्या उतरवायला घेतल्या. “भाभी, दस मिनट. टायर बदल के निकलते हैं,” तो म्हणाला. ती दहा मिनिटं मी कशी काढली ते मला सांगता येणार नाही. मन्याला छातीशी घट्ट धरून मी मधल्या खोलीच्या उंबऱ्यात बसले होते. तो जरा कण्हला की मी त्याचं पोट चाचपून बघायचे. मावशी टोपली तशीच टाकून माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. “काय नाय होत गो. काय नाय होत.”

आत दाजींनी टॉर्च मागितला. सेल, टॉर्च, बल्ब. तीन डब्यांतल्या तीन वस्तू जुळेनात. शेवटी अक्काने देव्हाऱ्यातलं निरांजन आणून धरलं. विहिरीचं तोंड औषधाच्या बाटलीच्या बुचाएवढं. बैल त्यातून आत पडले असतील तर पेटीत असतील, नाहीतर मन्याच्या पोटात. दाजींनी तारेला खिळा बांधून आत सोडला. खाली कट् असा आवाज आला. पण तो बैल लागला की मोटरचा पत्रा, ते कळेना. तार वर ओढली तर रिकामी. पेटीचं दार त्यांनीच असं बंद केलेलं की स्क्रू ड्रायव्हरही लागेना. बाजूच्या फळ्या सागवानी. बाहेर मॅटाडोर सुरू झाल्याचा आवाज आला आणि भय्याने हॉर्न वाजवला.

दाजी उठले, मागे गेले आणि पहार घेऊन आले. बाहेरच्या चिखलाच्या चपला पायात तशाच, आणि तशाच चपलांनी त्यांनी लाल रेषा ओलांडली. अक्काला कळलं. ती मधे आली. “अहो, निदान घरं तरी उचलून घ्या आधी.”

“चिकटवलीयेत,” दाजी म्हणाले. “सरक.”

पहिला घाव विहिरीच्या कडेला बसला. विहिरीशेजारी त्यांच्या वडिलांचं घर होतं, ते त्याच घावाने आडवं झालं. मग चावडी गेली. मग देवळाचा कळस घरंगळत माझ्यापर्यंत आला. दाजी वर बघत नव्हते, मोडतंय काय तेही बघत नव्हते. पहार घालायची, फळी उचकटायची, पुन्हा घालायची. मातीच्या कौलांचा चुरा होताना बारीक आवाज येत होता, तो मला अजून आठवतो. सुमीने डोळे झाकून घेतले होते. अखेर खांद्यापर्यंत हात जाईल एवढं भगदाड पडलं. दाजी पालथे झाले, हात आत घातला, आणि चाचपत राहिले.

“एक,” ते म्हणाले. हात आणखी आत गेला. हॉर्न वाजला. “दोन!”

दोन्ही बैल मोटरच्या पत्र्याला चिकटून बसले होते. दाजींनी ते तळहातावर घेऊन माझ्यासमोर धरले. दोघांची पोटं तपासली, चुंबकं जागेवर होती. ती त्यांनी मला दाखवली, अक्काला दाखवली, बाहेर जाऊन भय्यालाही दाखवली. मी तेव्हा जी रडायला लागले ती मला थांबवेना. मन्या माझ्या मांडीवरून उतरला, तुरुतुरु चालत लाल रेषेपलीकडे गेला आणि ढिगाऱ्यात बसून देवळाची पायरी उचलून बघायला लागला. त्याला कुणीही अडवलं नाही. दाजी त्याच्याजवळ टेकले, पहार बाजूला ठेवली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी म्हटलं, “दाजी, तुमचं गाव...” तर माझ्याकडे न बघता म्हणाले, “जाऊ दे हो विमलताई. पायऱ्या तशाही चुकल्याच होत्या. पाचच होत्या.”

त्या वर्षी गणपती साध्या पाटावर बसला. पुढे दोन बैल ठेवलेले. बघायला आलेले लोक गाव कुठंय विचारायचे, आणि दाजी, नवीन बांधायचंय, असं सांगून मोदक पुढे करायचे. पण त्यांनी ते पुन्हा बांधलं नाही. गणपतीनंतर आम्हाला उमरोळीला खोली मिळाली. मी जाऊन-येऊन असायचे, दर वेळी विषय काढायचे. ‘आता नीट आठवत नाही,’ असं ते म्हणायचे. ते खोटं होतं. त्यांना सगळं आठवत होतं. एकदा बोलता बोलता त्यांनी मला आपल्या दारापासून नदीपर्यंतची सगळी घरं, कुणाच्या दारात कोणतं झाड, सगळं सांगितलं होतं.

निवृत्त झाल्यावर ते दोघं कराडला निघाले. सामान ट्रकमध्ये चढलं, मधली खोली रिकामी झाली. फरशीवरची लाल रेषा पायांनी झिजून अर्धीमुर्धी उरली होती. निघताना दाजींनी खिशातून कापसात गुंडाळलेले बैल काढून माझ्या हातात दिले. “मन्याला द्या. त्याला फार हवे होते. खेळू दे आता.” मन्या तेव्हा कॉलेजात जात होता, त्याला मिशी आली होती. पण दाजींना तो अजून बाकाला धरून उभा दिसत होता, एवढं मला कळलं.

दाजी गेल्याला आता दोन वर्षं होतील. बैल माझ्या लोखंडी कपाटाच्या दाराला पोटातल्या चुंबकांनी चिकटलेले आहेत, अगदी वर, माझाच हात टाचा उंचावून पोचेल असे. शेजारची छोटी रोज येते आणि मान वर करून त्यांच्याकडे बघत बसते. परवा तिने विचारलं, “आजी, खाली दिले तर मी मोडीन म्हणून एवढे वर ठेवलेत का?”

“मोडले तर मोडले गं,” मी म्हटलं. “बैलांचं काही नाही.” आणि तिला जवळ ओढून घेतलं.